खाणीतून वर जाणारी वाट

थोरली बहीण नवशिक्यांना खडकाळ वाटांवर मोटरसायकल चालवायला शिकवायची. बंद पडलेली एक दगडाची खाण हे तिचं मैदान. धाकटी पडदे शिवायची. वडील मोटरसायकलच्या अपघातात गेले तेव्हापासून तिने दुचाकीला हात लावला नव्हता, आणि बहिणीचा हा धंदा तिच्या डोळ्यांत सलत होता. त्या दुपारी ती भांडायलाच आली होती, हमरस्त्यावर बसमधून उतरून तासभर खडी तुडवत.

ती खाणीत उतरते न उतरते तोच थोरलीच्या मोठ्या गाडीचं पुढचं चाक चढावरच्या सुट्या खडीत घसरलं. गाडी थोरलीला घेऊनच खाली आली. धाकटी धावत पोचली तेव्हा ताईचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता आणि बुटातून रक्त वाहत होतं. मोठ्या गाडीचं हँडल मोडलं होतं.

धाकटीने स्वतःच्या कमरेचा पट्टा काढून ताईच्या मांडीला करकचून आवळला. रक्त कमी झालं, थांबलं नाही. फोनला रेंज नव्हती.

"मी पळत जाते."

"तू पोचेपर्यंत माझं काही खरं नाही," थोरली म्हणाली. "शेडपाशी शिकाऊ लोकांची लहान गाडी आहे. ढकलत आण."

"ताई, मला येत नाही गं!"

"म्हणून तर शिकवतेय. आण."

थोरली पडल्या पडल्या सांगत राहिली. "डाव्या हाताने क्लच दाब. डाव्या पायाने गिअर खाली, एकदाच. आता थोडा एक्सलेटर दे, क्लच सोड. हळू! शिवणयंत्राला पाय मारतेयस का?"

गाडी गचका खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली तर उसळली आणि धाकटीला बाजूला फेकून मोकळी झाली. कोपर सोलपटलं. ती खडीतच बसून रडायला लागली.

"नंतर रड. मी बरी झाले की दोघी मिळून रडू." ताईचा आवाज आता बारीक झाला होता. "ऐक. खड्ड्याकडे बघू नकोस, बघशील तिकडेच जाशील. जायचंय तिकडे बघ. खडीत पुढचा ब्रेक दाबायचा नाही. चढावर फुटरेस्टवर उभी राहा, गुडघे सैल ठेव. आणि एक्सलेटर सोडू नकोस."

"तुला एकटीला टाकून कशी जाऊ?"

"जा गं बाई. हात जोडते."

पहिल्यांदा अर्ध्या चढावर तिने घाबरून एक्सलेटर सोडला. गाडी आडवी झाली, तापलेल्या सायलेन्सरने पोटरी भाजली. खालून ताईची शिवी ऐकू येईल म्हणून ती थांबली. काहीच आलं नाही. तिने हाका मारल्या. ताईने मान वळवली नाही.

ओरडत, दात ओठ खात तिने गाडी उभी केली, पायथ्याशी नेली आणि पुन्हा चढावर घातली. या वेळी तिने फक्त वरच्या कडेकडे बघितलं. चाकं घसरत होती, हँडल हातातून निसटू बघत होतं, पण एक्सलेटर तिने सोडला नाही.

दुसरा गिअर शिकायला वेळच मिळाला नव्हता. इंजिन किंचाळत राहिलं आणि ती पहिल्याच गिअरमध्ये हमरस्त्यापर्यंत गेली. थांबायचं कसं हे ऐन वेळी सुचेना, म्हणून थेट पंक्चरवाल्याच्या टायरच्या ढिगात घुसली. तो शिव्या देत बाहेर आला. तिचे रक्ताने माखलेले हात बघून त्याने आधी ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

ताई वाचली. पाय वाचला नाही. डॉक्टरांनी गुडघ्याखाली कापला.

शुद्धीवर आल्यावर ती कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. शिकायला येणारी पोरं भेटायला आली तर तिने डोळे मिटून घेतले. हा धंदा एकदाचा बंद व्हावा, हे धाकटीला हवंच होतं. आता झाला होता, आणि तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

एका दुपारी ताई आपण होऊन बोलली. "पाय दुखतोय गं."

"कुठे?"

"अंगठ्यात."

धाकटीने पलंगाच्या पायथ्याकडे बघितलं. तिथे चादर सपाट होती. ती उठून तिथे बसली आणि त्या सपाट चादरीवर, जिथे अंगठा असता तिथे, हळूहळू चोळत राहिली.

"बरं वाटतंय?"

"अजून थोडं," ताई म्हणाली आणि रडायला लागली.