वकीलबाईंच्या कोटाला कांद्याचा वास

बाबांची उभी हयात एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेली होती. रोज तीनशे पोरांचं जेवण. निवृत्त होऊन ते लेकीकडे राहायला आले आणि परसात भाजी लावली, तीही त्याच हिशेबाने. घरात खाणारी तोंडं दोन. त्यातलं लेकीचं तोंड खाण्यापेक्षा बोलण्यात जास्त गुंतलेलं.

लेक शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर.

घेवड्याला बहर आला तेव्हा शेजाऱ्यांनी तोंडभर कौतुक केलं. मग भोपळे आले, टोमॅटो आले, कांदे निघाले, आणि बाबा पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडले की समोरच्या खिडक्या धडाधड लागू लागल्या.

“छान,” लेक म्हणाली. “वर्गणी मागणाऱ्यांनासुद्धा एवढा मान मिळत नाही.”

“टाकवत नाही गं मला. वाळवू या.”

“वाळवा. उन्हाला तरी नाही म्हणता येत नाही.”

उन्हाने ते म्हणून दाखवलं. बाबांनी गच्चीवर चादरी भरून भाजी पसरली आणि दुपारीच आभाळ भरून आलं. मग सगळं वाळवण शिवणाच्या खोलीत, पंख्याखाली आलं. इस्त्रीच्या टेबलावर टोमॅटोच्या फोडी, कापड बेतायच्या फळीवर भोपळ्याच्या चकत्या, खुर्च्यांवर कांदा. घेवडा तर बाबांनी तिच्याच चांगल्या दोऱ्यात ओवून, गिऱ्हाइकांचे कपडे टांगायच्या दांडीला माळा बांधल्या.

“चांगलं केलंत,” लेक म्हणाली. “सदऱ्याला बटणं संपली होती. आता गाजराच्या चकत्या वाळवा, त्याच लावते.”

“गाजर अजून तयार नाही,” बाबा गंभीरपणे म्हणाले.

त्याच दांडीवर वकीलबाईंचा नवाकोरा काळा कोट होता. कांद्यात बसून बसून लेकीचं नाक मेलेलं, तिला काही कळलं नाही. वकीलबाई कोट घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तणतणत परत आल्या.

“मी बोलायला उभी राहिले आणि न्यायाधीशांनी नाकाला रुमाल लावला! माझ्या पक्षकाराच्या डोळ्यांना पाणी!”

म्हणजे भाषण चांगलं झालं, हे लेकीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. “चुकलं माझं. दुसरा शिवून देते.”

पण वकीलबाईंची नजर दांडीवर गेली. “दुकान आहे की कोठार? त्या म्हाताऱ्याला आवरा जरा. बसवून ठेवा कुठल्या तरी कोपऱ्यात.”

बाबा मधल्या दारातच उभे होते. हातातली सुरी त्यांनी उगाच पंच्याला पुसली.

गेले कित्येक दिवस लेक याहून वाईट बोलत होती. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि तिचं डोकं फिरलं. “कोट मी खराब केला, मला बोला. बाबांना आवरायला मी आहे. त्यासाठी वकील लागत नाही.”

वकीलबाई कोपऱ्यावरच्या टेलरकडे गेल्या, त्या कायमच्या.

बाबा माळा सोडू लागले.

“राहू द्या,” लेक म्हणाली. “कांदा तेवढा बाहेर न्या. गिऱ्हाईक गेलंच आहे, दांडी काय कामाची?”

सगळं वाळलं, बरण्यांत गेलं. पुढे परस ओस पडलं, तेव्हा बाबांनी घेवडा आणि भोपळा भिजवून शिजवला. लेकीने घेवड्याचा घास घेतला. चावला. बराच वेळ चावला.

“बाबा, दोऱ्यासकट शिजवलात का?”

बाबांनीही चावून पाहिला. चेहरा पडला. “वाळवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढायला हवा होता वाटतं. मी कुठे कधी वाळवलंय आयुष्यात!”

“आणि माझ्यापुढे छाती काढून फिरत होतात?”

“विचारलं असतं तर तू बोलली असतीस.”

तिने ताटलीतला भोपळा खाल्ला आणि ताटली पुढे केली.

“भोपळा बरा झालाय.”

“काय म्हणालीस?”

“काही नाही. वाढा.”