हिरव्याबाबाचं काळं तीर्थ

"हिरवं झालं! हिरवं झालं!" अशी एकच आरोळी उठली आणि शे-दीडशे माणसं चिखलात धडाधडा पालथी पडली. पन्हाळ्याच्या मागच्या उतारावर, तात्यांच्या चहाच्या मळ्यात, हिरवी शाल पांघरलेला एक धष्टपुष्ट माणूस आंब्याच्या डहाळीनं झुडपांवर पाणी शिंपडत चालला होता. हाच हिरवाबाबा, ओढ्याकाठच्या मठातला. मागच्या गुरुवारी त्यानं शिंपडलेली ओळ आज हिरवी दिसत होती. बाकी सगळा मळा पिवळा.

हे साल अठ्ठ्याहत्तरचं. तात्या म्हणजे आमचे मामा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी हौसेनं या उतारावर चहा लावला. लोक हसले, पण चहा फुटला. खालच्या वाडीतल्या बायकांना पानं खुडायचं काम मिळालं आणि पाहता पाहता वाडीतल्या घरांनीही परसात झुडपं लावली. त्या वर्षी श्रावणात मात्र नवी फूट पिवळी धमक आली. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. तात्यांनी माती तपासायला शेतकी खात्याकडे दिली होती, निकाल यायचा होता.

"ही साधी हिरवाई न्हाय, ही कैलासाची हिरवाई!" बाबा गरजला. "सरकारी साह्यब नळीत माती घालून बघतोय. आरं, आईची नाडी नळीत घालून बघतासा व्हय? धरणीला इटाळ झालाय! कुणामुळं?"

सगळ्यांच्या नजरा एकाच बाजूला वळल्या. बांधापलीकडच्या चिंचेखाली शालूबाई बसली होती. वय पंचवीस, नवरा दोन वर्षांपूर्वी विहीर खणताना दरडीखाली गेलेला. मळ्यात तिच्याइतकं झपाट्यानं खुडणारं कुणी नव्हतं. आता दीड महिना वाडीकर तात्यांचंही न ऐकता तिला मळ्यात पाऊल टाकू देत नव्हते. दर गुरुवारी बाबाचे पाय धुतलेलं पाणी तिला पाजलं जाई. आजही पाजलं. ती ओकली, तेव्हा लोक म्हणाले, "बघा, इटाळ बाहीर पडतोय."

बाबाचा धंदाच तो. पण पोटच्या पोरीच्या वयाच्या बाईला धरून ते पाणी पाजणारा गुंडू, मळ्याचा मुकादम आणि वाडीतला दुकानदार, घरी जाऊन हात धुऊन भाकरी खाणार होता, त्याचं काय?

"फुडल्या गुरवारी हिला शिवंभायेर काढायची," बाबा म्हणाला. "त्याबिगार सगळा मळा हिरवा हुनार न्हाय."

माझी बहीण लीला कोल्हापुरात मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. हिरव्या झालेल्या ओळीतलं एक पान तिनं खुडलं आणि परतीच्या एस्टीत माझ्यापुढे धरलं.

"दादा, नीट बघ. थेंब पडला तिथं हिरवा ठिपका, थेंब चुकला तिथं पिवळंच. देवाची कृपा अशी ठिपक्याठिपक्यानं होते का?"

पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा गेलो. गर्दी दुप्पट झाली होती. शालूबाईचं गाठोडं बांधून तयार होतं. तिची सासू तानाबाई त्या गाठोड्यावर ठाण मांडून बसली होती. म्हातारीला तिथून उठवायची कुणाची छाती झाली नव्हती.

तात्यांच्या घरून बाबासाठी कोरा चहा आला. लीलानं तो पेला हातात घेतला आणि पदर सावरून पुढे झाली.

"बाबा, थोडं तीर्थ द्या. आमच्या चहालाही कृपा लाभू दे."

बाबा फुगला. त्यानं कमंडलू पेल्यात कलता केला. पाहता पाहता तांबूस चहा काळाकुट्ट झाला. दौतीतल्या शाईसारखा.

पुढची माणसं पेल्याकडे वाकली. क्षणभर मला वाटलं, बाबाचं सोंग संपलं. पण असली माणसं कोंडीतूनही वाट काढतात.

"पाप!" बाबा किंचाळला. "हिनं खुडलेल्या पानांचा च्या हाय ह्यो! हिचं पाप वर आलं, बघा!"

आणि लोकांनी ते मानलं! एकानं शालूबाईच्या केसांना हात घातला. तानाबाई सुनेवर आडवी पडली आणि पाठीवर गुद्दे खाऊ लागली. तात्या ओरडत होते, पण त्यांच्याच मळ्यातली माणसं त्यांना ढकलून पुढे घुसत होती. मी मध्ये शिरलो, तर माझा चष्मा फुटला.

"थांबा!" लीलाचा वर्गातला आवाज साऱ्या उतारावर घुमला. "शालूनं खुडलेला चहा नको. गुंडू, तुझ्या दुकानात पुडीतला चहा आहे ना? आसामचा? तो उकळून आण. शालू काही आसामात खुडायला गेली नव्हती."

गुंडूला नाही म्हणता येईना. चहा आला. तीर्थ पडलं आणि तोही काळाठिक्कर झाला.

मग तिनं पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत हिरवट खडे होते. "हा हिराकस. कोल्हापुरात काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. तानाबाई, तुमच्या घागरीतलं पाणी द्या." खडे पाण्यात विरघळवून तिनं ते पाणी उरलेल्या चहात ओतलं. तसाच काळा रंग.

"हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. चहात तुरट द्रव्य असतं. दोन्ही भेटले की शाई होते. पूर्वी हिरड्यापासून शाई करायचे, ती अशीच. लोखंड कमी पडलं की नवी पानं पिवळी पडतात, आणि हे पाणी शिंपडलं की हिरवी होतात. बाबांच्या कमंडलूत एवढंच आहे."

"पर ताई," गुंडू चाचरत म्हणाला, "आदी तर मळा बेस हुता की. लोखंड गेलं कुठं?"

"ते तानाबाई सांगतील. चैत्रापासून बाबा भरघोस फूट यावी म्हणून प्रत्येक झुडपाच्या बुडाशी पाटी-पाटी विभूती घालत होते ना? तानाबाई, ओल्या हळदीवर बाबांच्या झोळीतली ती चिमूटभर टाका."

म्हातारीनं ताटलीत हळद कालवली, वर विभूती टाकली आणि बोटानं घोटली. हळद लालभडक झाली. भोवतीच्या बायका पुढे वाकल्या. घरी कुंकू करणाऱ्या त्या. त्यांना काही समजावावं लागलं नाही.

"चुना!" तानाबाई ओरडली. "राकंत चुना कालवलाय ह्या मुडद्यानं!"

"हो. चहाला आंबट माती लागते. चुन्यानं आंबटपणा मरतो. लोखंड मातीतच राहतं, पण मुळांना घेता येत नाही. यांनीच मळा आजारी पाडला, आणि यांनीच औषध शिंपडलं."

मग शालूबाई उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी तिचा आवाज ऐकत होतो. "पाडव्याच्या अगुदर ह्यानं मला सेवंला मठात ये म्हनून हात धरला हुता. मी त्वांडावर थुकले. तवा म्हनला, गावात ऱ्हाऊ देनार न्हाय."

बाबा शाल टाकून ओढ्याकडे पळाला. ज्यांनी त्याच्या पायाचं पाणी डोक्याला लावलं होतं, तेच आता दगड घेऊन मागे धावले. लीलानं त्यांनाही अडवलं. तात्यांनी बोलावलेले पोलीस आले. मठात चुन्याची पोती सापडली आणि हिराकसाचा डबा. बाबा पूर्वी सूत रंगवायच्या कारखान्यात कामाला होता आणि तिथं रंग पक्का करायला हिराकस वापरतात, हेही कळलं.

बुडाचा चुना खरवडून काढला, पालापाचोळ्याचं कुजलेलं खत घातलं, अमोनियम सल्फेट आणि गंधक दिलं. मळा सुधारायला दोन पावसाळे गेले. गुंडू शालूबाईच्या दारी नारळ घेऊन गेला, "तू देवीच हायस" म्हणत पायाशी वाकला. काल चेटकीण, आज देवी. मधे माणूस म्हणून कुणी बघायलाच तयार नाही. तिनं दार लावून घेतलं. महिन्याभरात ती सासूला घेऊन कबनूरला गेली, कापडाच्या मागावर कामाला लागली. तात्यांनी परत बोलावलं, तेव्हा म्हणाली, "तात्या, तुमची पानं हिरवी झाली, बरं झालं. पर त्या मानसांत मी पुन्यांदा बसनार न्हाय."

वाचकहो, मातीला विटाळ होत नाही. तिला काही कमी पडतं, काही जास्त होतं. ते तपासता येतं. कुणी हवेतून हिरवाई काढून दाखवली तर विचारा, पाण्यात काय आहे? रागवला तर पुन्हा विचारा. आणि कुणी तुमच्या संकटाचं कारण म्हणून एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवलं, तर तिच्या केसांना हात घालण्याआधी त्या बोटाच्या मालकाला विचारा, तुला हिच्याकडून काय हवं होतं आणि काय मिळालं नाही?