आवाजाची वायर

महिपतरावांना सुनेचा संशय होता. आणि संशय काही पाहुण्यासारखा चार दिवसांत निघून जात नाही. इथे तर वर्ष होत आलं होतं. रविवारी शांताताईंचं वर्षश्राद्ध. हिंदी मुलखात, माधवगंजातल्या घरी सगळा गोतावळा जमणार होता आणि त्या सगळ्यांसमोर शिखाला उघडं पाडायचं, असं त्यांनी पक्कं केलं होतं. थोरल्या भावाला, संभाजीरावांना, फोन करून सांगितलंही होतं, "दादा, जेवून लगेच उठायचं नाही. टीव्हीवर काहीतरी दाखवायचंय. शांता कुणामुळे गेली, ते डोळ्यांनी बघा."

दाखवायचं होतं ते मागच्या अंगणातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. माकडं वाळत घातलेले कपडे पळवतात, म्हणून मुलानं, हेमेंद्रनं, तो कॅमेरा बसवला होता. त्याच अंगणात, दुपारी चारला, कपडे काढता काढता शांताताई गेल्या. हृदयच बंद पडलं. पुढे महिपतरावांनी हट्टच धरला, मला ते बघायचंय. मोतीबिंदूमुळे कॉम्प्युटरवर दिसेना, तेव्हा हेमेंद्रनं नाइलाजानं निळ्या डोक्याच्या जाड वायरनं कॉम्प्युटर हॉलमधल्या टीव्हीला जोडून दिला. चित्र आलं, आवाज आला नाही.

"कॅमेऱ्यात आवाज येतच नाही, बाबा," हेमेंद्र म्हणाला. म्हणताना त्यानं बापाकडे बघितलं नाही.

ते मुकं चित्र महिपतरावांनी किती वेळा पाहिलं, देव जाणे. शांताताई पायरीवर बसतात, हात छातीवर. शिखा दारात येते, खांद्याला पर्स. काहीतरी बोलते. शांताताई हात हलवतात. आणि ही बया सरळ मागच्या फाटकातून चालती होते! मग सात मिनिटं शांताताई एकट्या. ओठ हलतात, थांबतात, पुन्हा हलतात. मग त्या एका अंगावर कलतात.

"काय बोललीस तिला?" असं त्यांनी शिखाला खडसावून विचारलं होतं.

"काही नाही बाबा. कोचिंगला जाते म्हटलं, बस."

बस म्हणे! सकाळीच दोघींचं स्वयंपाकघरात वाजलं होतं, ते काय त्यांना ठाऊक नव्हतं? त्या दिवसापासून त्यांनी तिच्या हातचं पाणी सोडलं. उठता बसता टोमणे. शिखा निमूट ताट झाकून ठेवायची. आणि तिचं ते गप्प राहणंच त्यांना कबुलीजबाब वाटायचं.

"मी घरातच होतो हो," ते आल्यागेल्याला सांगत. "हॉलमध्ये मॅच बघत होतो. तिनं एक हाक मारली असती, तर धावलो नसतो का?"

शुक्रवारी श्राद्धाचं सामान आणायला ते दाल बाजारात गेले. तिथून जवळच्याच एका टीव्हीच्या दुकानात सहज शिरले आणि मोबाइलमधला कॅमेऱ्याचा फोटो दाखवला.

"अंकल, इसमें तो माइक है," दुकानदार म्हणाला. "मोटी वाली वायर से सिर्फ़ पिक्चर जाती है. आवाज़ की अलग लगती है." आणि त्यानं एक बारीक काळी वायर पुढे केली.

महिपतरावांनी ती तिथल्या तिथे विकत घेतली. म्हणजे पोटचा पोरगा खोटं बोलला! बायकोला वाचवायला!

घरी आले तेव्हा हेमेंद्र ऑफिसात, शिखा स्वयंपाकघरात. वायरीचं एक टोक टीव्हीत खोचून म्हातारा गुडघे टेकून कॉम्प्युटरच्या मागे वाकला. आधी वायर गुलाबी भोकात घातली; काही नाही. मग हिरव्या भोकात. टीव्ही घरघरला. कानाला कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी आवाज पार वर नेला आणि रेकॉर्डिंग लावलं. आता कळेल, म्हणाले मनात. आता बघतोच.

चिमण्या ओरडत होत्या. मग शिखाचा आवाज, "आई, चेहरा कैसा हो गया तुमचा! मी थांबते. कोचिंग नाही जात आज."

"जा गं तू, पोरं खोळंबतील. पित्त झालंय नुसतं." शांताताईंनी हात हलवला. "आणि हे आहेत ना घरात."

फाटक वाजलं. स्कूटी दूर गेली. मग शांताताईंचे ओठ हलले.

"अहो... ऐकलं का? जरा येता का बाहेर?"

घरातून मॅचचा गलका आणि त्यात एक पुरुषी आवाज, "आलो, आलो! एवढी ओव्हर होऊ दे."

कोण हा? महिपतराव पुढे वाकले. घरात तर दुसरं कुणीच नव्हतं.

"अहो..."

"येतो म्हटलं ना! काय कटकट लावलीय!"

ते तसेच फरशीवर बसले. आपण हे बोललो? कधी? काही, काहीसुद्धा आठवेना.

स्वयंपाकघरातून शिखा पिठाच्या हातांनी धावत आली आणि तिनं ती काळी वायर उपटली. चित्र मुकं झालं. ओठ हलतच होते.

"तुला माहीत होतं?"

"यांनी पहिल्याच दिवशी हेडफोन लावून ऐकलं होतं," शिखा रडत म्हणाली. "म्हणाले, हे ऐकून बाबा जी नहीं पाएंगे. मी म्हटलं, मग बाबा मला बोलू देत काय बोलायचं ते. मी पण गेलेच ना, बाबा. त्या जा म्हणाल्या आणि मी गेले."

महिपतरावांना तिच्याकडे बघवेना. वर्षभर काय काय नाही बोललो हिला!

"रविवारचं मी बघते," ती डोळे पुसत म्हणाली. "मोठ्या बाबांना सांगू, कॉम्प्युटर खराब झाला."

"नाही." त्यांनी चाचपडत वायर उचलली. हिरवं भोक सापडायला तीनदा प्रयत्न करावा लागला. "शांता कुणामुळे गेली ते दाखवतो म्हणून सांगितलंय मी सगळ्यांना. दाखवायचं. आवाजासकट."

टीव्ही पुन्हा घरघरला.

"शिखा," ते म्हणाले, "मला जरा पाणी दे गं."

ती लगबगीनं आत गेली आणि तांब्याभांडं घेऊन आली. त्यांनी भांडं दोन्ही हातांनी धरलं, ओठांपाशी नेलं आणि तसंच धरून ठेवलं. टीव्हीतून शांता हाक मारतच होती.