नऊ वेळा पुसलेला माणूस

“चेहरा दिसत नाही ना? मग काय बिघडलं?”

हे वाक्य तुम्ही कधी ना कधी म्हटलं असेल. मीही म्हटलं आहे. आजारी नातेवाइकाचा सलाईन लावलेला हात, शेजारच्या मुलीची पाठमोरी वेणी, बाकावर डुलकी घेणारा कोणी अनोळखी म्हातारा, असं काहीबाही आपण बिनदिक्कत जगापुढे टाकतो आणि वर हे वाक्य चिकटवतो. आपल्या गोष्टीतल्या फोटोग्राफरचं तर ते ब्रीदवाक्यच होतं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. हातात कसब होतं. औषधांच्या दुकानावर दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. वऱ्हाडाशिवायच्या लग्नांचे फोटो काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोणी गर्दीला कंटाळून, तर कोणी घरच्यांना चुकवून, दोघंच जण एखाद्या कड्यावर नाहीतर रानातल्या तळ्याकाठी एकमेकांना वचन द्यायचे, आणि तिसरा हजर असायचा तो हा.

त्या सोमवारी सकाळी तो चहाचा कप घेऊन मोबाईलवर आपल्या फोटोखालचे बदाम मोजत होता. खिडकीशी मावशी कॉम्प्युटरवर काम करत होत्या. मावशी म्हणजे स्टुडिओतल्या सगळ्यांच्याच मावशी. फिल्मचा जमाना होता तेव्हापासून निगेटिव्हवर बारीक ब्रश चालवलेली बाई. आता ब्रशच्या जागी कॉम्प्युटरचं पेन आलं, काम तेच. फोटोच्या मागच्या बाजूला नको असलेलं पुसायचं. विजेची तार, वेफरचं पाकीट, मध्येच घुसलेला पर्यटक.

“अरे, एक विचारू?” मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला. “शनिवारी पठारावर तुम्ही तिघंच होतात ना?”

“मी, नवरी आणि नवरा. चिटपाखरू नव्हतं.”

“मग मी सकाळपासून एकाच माणसाला नऊ वेळा कसं पुसलं?”

तो हसला. “असेल कोणी हौशी. फोटोत यायची खाज असते एकेकाला.”

मावशी हसल्या नाहीत. मूळ फोटो कधीच टाकून द्यायचा नाही, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी ते नऊ मूळ फोटो काढले आणि ज्या क्रमाने टिपले होते तसे एकामागून एक पडद्यावर लावले.

पहिला फोटो रिकामा होता. जोडपं यायच्या आधी उजेडाचा अंदाज घ्यायला त्याने नुसत्या खडकाचा काढलेला आणि अल्बमच्या पहिल्या पानासाठी ठेवलेला. मागे धुकं, धुक्यात एक वाळलेलं झाड. आणि झाडाला टेकून कोणीतरी उभं.

“म्हणजे हा तुमच्याही आधी येऊन थांबला होता,” मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या फोटोत तो झाडाच्या अलीकडे होता. तिसऱ्यात आणखी अलीकडे. कुठेही चालताना दिसत नव्हता. प्रत्येक वेळी सरळ उभा, हात खाली सोडलेले, तोंड नवरीकडे. फक्त तिच्याचकडे. नवव्या फोटोत, जिथे दोघं हातात हात घेऊन वचन देत होती, तो तिच्या मागच्या झुडपापाशी होता. मध्ये फार तर पंधरा पावलं.

फोटोग्राफरचा चहा हातातच राहिला. त्याला आठवलं. शनिवारी मध्येच पक्षी गप्प झाले होते. नवऱ्याने मान वळवून विचारलंही होतं, “कोणी आहे का तिकडे?” आणि हा कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाला होता, “वारा आहे हो. इकडे बघा, हसा.”

“हातात काय चमकतंय याच्या?” मावशींनी फोटो मोठा केला.

“घड्याळ असेल.”

“वीतभर लांब घड्याळ?”

त्यांनी तो आणखी मोठा केला. चेहरा धुक्यात विरघळलेलाच राहिला, पण गळ्यातलं पांढरं काहीतरी स्पष्ट झालं. आधी दोघांना तो मफलर वाटला होता. त्यावर बारीक काळ्या रेघा होत्या. एकसारख्या, अंतरा-अंतरावर.

“ही मापाची पट्टी आहे,” मावशी हळूच म्हणाल्या. “हा टेलर आहे. आणि हातात कात्री आहे.”

फोटोग्राफरने कप खाली ठेवला. लग्नाच्या आधल्या रविवारी तिघं जागा बघायला गेले होते तेव्हा नवरीनेच त्याला सगळं सांगितलं होतं. तिच्या उजव्या मनगटावर त्रिकोणी डाग होता. “बाबांच्या शिलाईच्या दुकानातल्या इस्त्रीचा,” ती म्हणाली होती. “आमचं लग्न त्यांना मान्य नाही. पुन्हा दिसलीस तर जिवंत सोडणार नाही म्हणालेत. आम्ही गाव बदलतोय, तोवर एक महिना तरी फोटो कुठे टाकू नका. प्लीज.” याने मान डोलावली होती. खरं तर तेव्हा तो डागावर पडलेला उजेड बघत होता.

“मावशी,” तो म्हणाला, “मी गुरुवारी एक फोटो टाकला होता. त्या रविवारी काढलेला, नुसत्या हातांचा. खाली पठाराचं नाव लिहिलं आणि ‘परवा सकाळी, याच खडकावर, फक्त दोघं’. पण चेहरा नव्हता हो त्यात!”

“अरे, बापाला लेकीचा चेहरा कशाला लागतो? जो हात धरून चालायला शिकवलं तो त्याला ओळखू येणार नाही?” मावशी उठून उभ्या राहिल्या. “तिने तुझ्यापाशी विश्वासाने एक गोष्ट ठेवली होती. ती तुझी नव्हती. वर्षानुवर्षं मी तुमच्या फोटोंतली माणसं पुसते, पण आज सांगते, पुसायला हवी होती ती तुझी हौस. कुठे आहेत ती दोघं?”

“उद्यापर्यंत तिथंच. पठारावरच्या विश्रामगृहात. रेंज नाही तिथे.”

त्याने फोन लावून पाहिला. लागला नाही. मग पोलीस चौकीला फोन केला. पायथ्याच्या गावातला हवालदार बाहेर गेलाय, परतला की वर पाठवतो, असं तिकडून सांगितलं. फोटोग्राफरने गाडीची किल्ली उचलली, तेव्हा मावशी चपला घालून जिन्यात उभ्या होत्या.

दुपारचे तीन वाजले होते, तरी पठारावर दिवस मावळल्यासारखं वाटत होतं. धुकं इतकं दाट की गाडीचं बॉनेट दिसेना. विश्रामगृहाचं दार सताड उघडं होतं. आत टेबलावर दोन कप, अर्धे प्यालेले, चहावर साय धरलेली. खुर्चीवर तिची शाल. एक खिडकी वाऱ्याने आपटत होती. माणसाचा मागमूस नाही.

त्याने दारात येऊन जोरात हाक मारली. समोरच्या कड्यावर आपटून त्याचाच आवाज परत आला, थोडा उशिरा, जरा जाड होऊन.

आणि मग दोघांनाही ते ऐकू आलं.

कच्. कच्. कच्.

आवाज खडकाच्या दिशेने येत होता. एका लयीत, अजिबात घाई नसल्यासारखा. मावशींनी त्याचा दंड घट्ट धरला. दोघं चाचपडत पुढे गेली. झुडूप लागलं. तेच ते, नवव्या फोटोतलं. त्याच्या पलीकडे खडकावर एक माणूस पाठमोरा बसला होता. गळ्यात पट्टी होती. हातातली मोठी कात्री तो उघडत होता, मिटत होता. पात्यांमध्ये नुसतं धुकं.

फोटोग्राफर झुडपापाशीच थांबला. बोलल्या त्या मावशी, आणि तेही घरातल्या माणसाला बोलावं तसं.

“रिकामी कात्री चालवू नये. भांडणं होतात.”

“व्हायची ती झाली,” तो माणूस वळला. डोळे लाल, दाढीचे खुंट वाढलेले. खुनशी म्हणावं असं तोंडावर काही नव्हतं. नुसता थकलेला म्हातारा होता तो.

“मुलगी कुठंय?” मावशींनी विचारलं.

“तळ्याकडे गेलीत दोघं. हसत गेली. मला पाहिलेलं नाही.” त्याने परत एकदा कात्री मिटली. “दुकानात गिऱ्हाईक मोबाईल दाखवत होतं. म्हणालं, बघा काय सुंदर जागा आहे. मी जागा बघितलीच नाही. डाग बघितला. चार वर्षांची होती ती, इस्त्री मीच खाली ठेवून विसरलो होतो. कात्री हातात होती, तशीच घेऊन निघालो. गळ्यातली पट्टीसुद्धा काढली नाही.”

“शनिवारी तुम्ही पंधरा पावलांवर होतात,” फोटोग्राफर म्हणाला.

“बारा. मापात माझी चूक होत नाही.” तो खाली बघत राहिला. “बाराव्या पावलावर तिचं बोलणं ऐकू आलं. नवरा म्हणाला, तुला काय वचन देऊ? माझी मुलगी काय म्हणाली सांगू? ‘मला तुझी भीती वाटणार नाही, एवढंच वचन दे.’ घर नाही मागितलं, दागिना नाही मागितला. माझ्या घरात वाढलेली पोर नवऱ्याकडे हे मागते! आणि तिच्या मागे मी कात्री घेऊन उभा! पुढे पाऊलच पडेना. दोन रात्री खाली धनगराच्या खोपीत निजलो आणि रोज सकाळी इथे येतो. पुढे जाववत नाही, परत जाववत नाही.”

धुक्यातून हवालदार धापा टाकत वर आला. टेलरने कात्री सदऱ्याला पुसली, उलटी धरली आणि मूठ त्याच्याकडे करून दिली. मग त्याने हात जोडले. “तिला सांगू नका मी आलो होतो म्हणून. घाबरेल.”

“नाही सांगत,” फोटोग्राफर लगेच म्हणाला. “कशाला उगाच? झालं गेलं...”

“वा रे वा!” मावशी इतक्या जोरात म्हणाल्या की हवालदारही दचकला. “पुन्हा तेच! तिचा फोटो कुठे टाकायचा ते तू ठरवलंस. तिने कोणाशी लग्न करायचं ते यांनी ठरवलं. आता तिच्या जिवावर काय बेतलं होतं हे तिला कळू द्यायचं की नाही, तेही तुम्ही दोघंच ठरवणार? आणि तू गप्प राहायला का तयार झालास तेही सांगू? यांच्याबरोबर तुझीही चूक झाकली जाते म्हणून!”

फोटोग्राफरला ते शब्द चाबकासारखे लागले. कारण ते खरे होते.

थोड्या वेळाने तळ्याकडून दोन आकृत्या येताना दिसल्या. तो स्वतः पुढे गेला. त्याने काहीही राखून ठेवलं नाही. गुरुवारचा फोटो, खाली लिहिलेलं नाव, कात्री, बारा पावलं. नवऱ्याच्या मुठी वळल्या. नवरीचा चेहरा पांढराफटक पडला, पण तिने नवऱ्याचा हात धरून ठेवला.

“किती जणांनी पाहिला तो फोटो?” तिने विचारलं.

“चार हजारांच्या वर. आता काढून टाकलाय.”

“चार हजार,” ती म्हणाली. “मी तर फक्त तुम्हाला सांगितलं होतं.”

त्याने मान खाली घातली.

मग तिने वडिलांकडे पाहिलं. ते हवालदाराशेजारी उभे होते. ती पुढे गेली नाही. तेही जागचे हलले नाहीत. मध्ये नुसतं धुकं सरकत होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “जेवलात का?”

म्हातारा मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

“आज मला जवळ येता येणार नाही,” ती म्हणाली. “मी पत्र लिहीन. पत्ता देणार नाही. कधी द्यायचा ते मी ठरवीन.”

वडिलांनी मान हलवली. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच मुलीने ठरवलेलं त्यांनी ऐकून घेतलं. तक्रार करायची का, असं हवालदाराने तिला विचारलं. आत्ता नाही, पण सगळं लिहून ठेवा, असं ती म्हणाली. कात्री घेऊन हवालदार वडिलांना खाली घेऊन गेला.

महिनाभराने तिचा स्टुडिओत फोन आला. तिला एकच फोटो मोठा करून हवा होता. नववा. “पण मागचा माणूस पुसू नका,” ती मावशींना म्हणाली. आता तो तिच्या नव्या घराच्या भिंतीवर आहे. कोपऱ्यात धुक्यात उभं कोण, असं कोणी विचारलंच तर ती म्हणते, “आमच्या लग्नाला आलेला एकुलता एक वऱ्हाडी.” असं म्हणताना ती हसते, पण दाराची कडी लावली आहे ना, हे एकदा वळून बघते. भीती एका पत्राने जात नाही. पत्रं मात्र तिने दोन लिहिली आहेत.

फोटोग्राफर आजही कड्यांवर, तळ्यांवर फोटो काढतो. पण आता विचारल्याशिवाय, लेखी होकार हातात आल्याशिवाय एक नखसुद्धा कुठे टाकत नाही. आणि पक्षी गप्प झाले की कॅमेरा खाली घेऊन आधी मागे बघतो.

मित्रहो, दुसऱ्याच्या आयुष्यातला क्षण आपण टिपला म्हणून तो आपला होत नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही ठेव असते, आणि ठेव मालकाला विचारल्याशिवाय खर्च करायची नसते. मुलीचं आयुष्य ही तर बापाचीसुद्धा मालमत्ता नव्हे, मग आपली कुठली? तेव्हा पुढचा फोटो टाकण्याआधी ज्याचा आहे त्याला एकदा विचारा. चेहरा दिसत नाही म्हणू नका. ज्याला शोधायचं असतं, त्याला एक डाग पुरतो. त्या दिवशी कात्री रिकामीच चालली, हे आपलं नशीब. ती दर वेळी रिकामीच चालेल, याची हमी कोण देणार?