ओला अंगठा

प्रिंटर घ्यायला दुकानात शिरल्यापासून चष्मेवाल्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि ते कुणाला सांगायला त्यांच्यापाशी एकच शब्द होता: "हो."

गेल्या उन्हाळ्यात मेंदूत रक्ताची एक गुठळी अडकली आणि त्यांचे सगळे शब्द आत राहून गेले. आत मात्र ते जिथल्या तिथे, धडधाकट होते. मनातल्या मनात चष्मेवाले पूर्वीसारखेच बोलत, टोमणे मारत, कुणी चुकलं की टोकत. तोंडातून बाहेर पडायचा तो फक्त "हो". पाणी हवं? हो. नको? हो. ज्या माणसानं जन्मभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "आता स्पष्ट दिसतंय, की आधी दिसत होतं?" असं विचारलं, त्याच्यावर आता दोन्हीला हो म्हणायची पाळी आली होती.

म्हणून कार्डं आली. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी ती सुचवली आणि बायकोनं मनावर घेतली. घरच्या प्रिंटरवर ती चित्रं छापायची, शिवणाच्या कात्रीनं कापायची, बोटांना टोचू नयेत म्हणून कोपरे गोल करायची. आधी पाणी, चादर, संडास, दुखतंय आणि लाल फुलीचं 'नको' एवढीच होती. मग तिला चेव चढला. पंखा कमी कर. खिडकी उघड. गोगलगाय, म्हणजे सावकाश बोल. तिच्या धाकट्या भावाचा घोरतानाचा फोटो, म्हणजे हा कधी जाणार. आणि एक डोळा मिचकावणारा चेहरा, म्हणजे थट्टा करतोय. या शेवटच्या कार्डावाचून चष्मेवाल्यांचं पान हलत नसे. ते त्यांनी पहिल्यांदा दाखवलं त्या दिवशी ती खळखळून हसली होती, आणि आपला नवरा आजारातून परत आलाय, असं तिनं कुणालातरी फोनवर सांगितलं होतं.

पण शाईनं तिच्या नाकी नऊ आणले. कार्डं टिकत नव्हती. शाई फुटायची, लाल हिरव्यात उतरायचा, चित्राचा नुसता डाग उरायचा. ती पुन्हा छापायची. कार्ट्रिज आणली की संपली, आणली की संपली. प्लॅस्टिकमध्ये घालून पाहिली, तर ती गुळगुळीत कार्डं त्यांच्या हातातून निसटू लागली. त्यात परवा प्रिंटरनंही मान टाकली.

"हे बघा," काल जेवताना ती म्हणाली होती, "या वेळी ज्याची कार्ट्रिज स्वस्त, तोच घ्यायचा. तोही परवडला नाही, तर कार्डं कमी करू. पाणी, संडास, औषध, दुखतंय. बाकीची चैन बंद."

चष्मेवाल्यांनी हातातला घास ताटात ठेवला. पाणी, संडास, औषध आणि दुखतंय एवढंच बोलणारं माणूस त्यांनी इस्पितळात शेजारच्या खाटेवर पाहिलं होतं. लोक त्याच्याशी मोठ्यानं बोलत आणि उत्तराची वाट न बघता निघून जात.

शाई का फुटते, हे घरात एकट्या चष्मेवाल्यांना ठाऊक होतं. उजवा हात कामातून गेला होता. एक कार्ड दाखवायचं असलं की डावा हात पुरे. पण 'खिडकी उघड' आणि 'थट्टा करतोय' अशी दोन मिळून काही म्हणायचं असलं, तर पहिलं कार्ड ओठांत, दातांत धरून दुसरं शोधावं लागे. तोंडाची उजवी बाजू बधिर, तिथून लाळ कधी ओघळायची ते कळतही नसे. मागे एकदा बायकोनं पाहुण्यांसमोर त्यांची हनुवटी पुसली होती, तान्ह्या बाळाची पुसावी तशी. तेव्हापासून ती पाठमोरी असतानाच ते कार्ड ओठांत धरत आणि लगेच सदऱ्याला पुसून टाकत. ती बिचारी कागद दमट देतो म्हणून कागदवाल्याशी भांडत होती.

आता काचेच्या टेबलावर दोन प्रिंटर मांडले होते. विक्रेत्यानं दोन्हींवर फळांच्या टोपलीचं एकच चित्र छापून दाखवलं होतं.

"ताई, यात बघण्यासारखं काय आहे?" मेहुणा म्हणाला. गाडी त्याची, घाईही त्याचीच. "हा डावीकडचा घे. कार्ट्रिज त्याच्या निम्म्या किमतीत. रंग बघ, कसे उठलेत! डाळिंब खावंसं वाटतंय."

"तुला काय, तुला वहीवरचं चित्रपण खावंसं वाटतं," ती म्हणाली, पण तिची नजर डावीकडेच होती. ती विक्रेत्याकडे वळली. "दादा, ह्याची कार्ट्रिज नेहमी मिळेल ना? नाहीतर प्रिंटर विकायचा आणि शाई नाही म्हणायचं."

"काकू, कुठल्याही दुकानात मिळेल. उजवीकडच्याची थोडी महाग आहे, चार रंग वेगवेगळे घालावे लागतात. घरगुती वापराला डावीकडचाच जातो."

चष्मेवाल्यांनी दोन्ही कागद एकेक करून डोळ्यांजवळ नेले. डावीकडच्याचे रंग पातळ, चकचकीत, कागदात मुरलेले. अगदी जुन्या प्रिंटरसारखे. उजवीकडचे जरा मंद, पण कागदावर बसलेले. हा डावीकडचा घरी गेला की पुन्हा तेच: डाग, नवं कार्ड, नवी शाई. आणि पावसाळा संपायच्या आत हातात उरणार पाणी, संडास, औषध, दुखतंय.

"काय भावोजी, हाच ना?" मेहुण्यानं डावीकडच्या प्रिंटरवर थाप मारली.

नको, चष्मेवाले म्हणाले.

"हो," तोंड म्हणालं.

"झालं! मालकांचा हुकूम झाला."

"हो! हो!" चष्मेवाल्यांचा आवाज चढला. विक्रेता हसून म्हणाला, "काकांना फारच आवडलेला दिसतोय," आणि त्यानं खाली वाकून खोकं बाहेर ओढलं.

बायकोनं मात्र वळून नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिला तिथं काहीतरी दिसलं असावं. "थांबा हो जरा," ती विक्रेत्याला म्हणाली. "अहो, काय? दमलात का? बसायचंय?"

त्यांनी गळ्यातल्या कार्डांच्या कापडी पिशवीत हात घातला. बोटं घामानं चिकट झाली होती. 'नको'चं कार्ड सापडलं. त्यांनी ते विक्रेत्याच्या नाकासमोर धरलं.

विक्रेत्यानं मान तिरकी केली. "हे... गुलाबाचं फूल आहे का?"

सगळ्यात जास्त वापरलेलं, म्हणून सगळ्यात जास्त भिजलेलं कार्ड होतं ते. लाल फुलीचा गुलाबी ढग झाला होता.

"भावोजी फूल देतायत तुम्हाला," मेहुणा हसला. "ताई, पैसे दे आणि चल. गाडी वाकडी लावलीय मी."

बायकोनं पर्स उघडली. "संध्याकाळी नवीन छापते सगळी," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "खूप फुटलंय ते. त्या मेल्याचा कागदच दमट."

मागे एक बाई तिच्या मुलीसाठी हेडफोन बघत होती, ती आता यांच्याकडेच बघू लागली होती. गल्ल्यावरचा माणूसही मान वर करून पाहत होता. एवढ्या लोकांसमोर? घरी, दार लावून दाखवलं असतं तर? पण घरी दाखवायचं तर खोकं उघडावं लागणार, आणि उघडलेला माल परत घेणार नाही, अशी पाटी गल्ल्याच्या वरच लटकत होती.

पर्समधून नोटा बाहेर आल्या.

चष्मेवाल्यांनी कार्ड टेबलावर टाकलं आणि डावा अंगठा तोंडाच्या उजव्या कोपऱ्याला लावला. तिथे ओल होतीच. त्यांनी तो आणखी आत घातला, चांगला ओला केला, एक बारीक तार हनुवटीपर्यंत लोंबली तीही पुसली नाही, आणि अंगठा डावीकडच्या कागदावर, डाळिंबावर दाबून फिरवला.

डाळिंब पसरलं. द्राक्षांवर गेलं, टोपलीवर गेलं. अंगठा लालभडक झाला.

"अरे, भावोजी, काय हे!" मेहुणा पुढे धावला. "ताई, सांभाळ त्यांना, लोक बघतायत."

"तू गप्प बस," ती म्हणाली.

ती कागदाकडे बघत होती. मग तिनं टेबलावरचं 'नको'चं कार्ड उचललं, उजेडात धरलं आणि बोटानं त्याची कड चाचपली. तिथे दातांच्या बारीक खुणा होत्या. चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. आता ती रुमाल काढेल, हनुवटी पुसेल, 'बाळा' म्हणायचं तेवढं बाकी ठेवेल.

"तोंडात धरता?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि मी त्या कागदवाल्याला काय काय बोलले! त्याच्या बायकोसमोर बोलले!" तिचा आवाज कापत होता, रागानं की कशानं ते ओळखता येईना. "सांगता येत नव्हतं का?"

आणि आपण काय विचारलं, हे कळून ती एकदम थांबली. मेहुणा बुटांकडे बघू लागला.

मग तिनं उजवीकडचा कागद उचलला आणि नवऱ्यापुढे धरला. "यावर करा."

ते तसेच उभे राहिले.

"करा म्हणते ना! अंगठा रंगलाय, तर बोट घ्या. चांगलं ओलं करा. बघू दे ज्याला बघायचंय त्याला."

चष्मेवाल्यांनी तर्जनी तोंडात घातली. सगळ्यांच्या देखत, सावकाश. मग ती डाळिंबावर दाबली आणि घासली. पुन्हा घासली. हेडफोनवाली बाई दोन पावलं जवळ आली होती.

बोट उचललं. कागद ओला झाला होता, डाळिंब डाळिंबच होतं.

"त्याची शाई पाण्यानं फुटत नाही," विक्रेता चाचरत म्हणाला. "पण काकू, तुम्ही फक्त स्वस्त कार्ट्रिज कुठली ते विचारलंत."

"मग तीच दाखवतेय मी तुम्हाला," ती म्हणाली. "एक कार्ड तीनदा छापायचं तर स्वस्त कुठली झाली? हे खोकं आत ठेवा. ते काढा. आणि चारही रंगांच्या जास्तीच्या कार्ट्रिज द्या. भाव नीट लावा, तुमच्या डाळिंबावर दोन वेळा परीक्षा झालीय."

मेहुण्यानं खोकं उचललं आणि गाडीकडे नेलं. पायरीवर बायकोनं नवऱ्याच्या कोपराला हात दिला. हनुवटी तिनं पुसली नव्हती. पर्समधला रुमाल काढून त्यांच्या डाव्या हातात तेवढा कोंबला होता.

"कार्डं एकही कमी करायची नाहीत," ती म्हणाली. "उलट वाढवू. दोन-दोन जोडून बोलायला एवढी खटपट करता, आणि मला पत्ता नाही! पण आजपासून रुमाल गळ्यात बांधायचा. कार्ड तोंडातून काढलं की त्याला पुसायचं. सदऱ्याला नाही. कबूल?"

गळ्यात रुमाल! लाळेरं! चष्मेवाल्यांच्या मनात दहा उत्तरं उसळली, त्यांतली दोन चारचौघांत उच्चारण्याजोगी नव्हती.

"हो," तोंड म्हणालं.

"हे 'हो' म्हणजे मुळीच नाही, कळतं मला," ती म्हणाली. "तरी बांधायचा."