तुलनेची माती

"एकतीस," मावशी म्हणाल्या.

"पुन्हा मोजा."

"दोनदा मोजलेत, मॅडम. तिसऱ्यांदा मोजले म्हणून काय त्यांना आणखी पिल्लं होणार आहेत?"

मॅडम हसल्या नाहीत. बशीतल्या पाण्यात शाईचे दोन थेंब पडले होते आणि त्या काळ्या पाण्यावर, मातीतून वर आलेले पांढरे जीव तरंगत होते; तीळ त्यांच्यापुढे थोराड वाटावा इतके लहान. पोटाखालची शेपूट झटकून ते टुणकन उडत, म्हणून प्रयोगशाळेत त्यांना टुणके म्हणत. सव्वीस वर्षे मावशी टुणके मोजत आल्या होत्या. बरणीत माती भरायची, दहा टुणके सोडायचे, अठ्ठाविसाव्या दिवशी पाणी ओतायचे आणि वर येतील ती पिल्ले मोजायची. बंद पडलेल्या बॅटरी कारखान्यामागची, शिसे मुरलेली माती असली की पिल्ले थोडी. तुलनेसाठी ठेवलेली स्वच्छ माती असली की शंभराच्या वर. आपल्याला काय सोसते आणि काय सोसत नाही, हे सांगण्याची दुसरी भाषा त्या जिवांपाशी नव्हती.

आज तुलनेच्या पाचही बरण्या तिशीच्या आसपास अडकल्या होत्या.

"मावशी, रागावू नका," मॅडम जरा खालच्या स्वरात म्हणाल्या. "डोळे तपासून घेतलेत का इतक्यात?"

मावशींनी चष्मा काढून बशीशेजारी ठेवला आणि खुर्ची सोडली. "बसा. तुम्हीच मोजा."

मॅडमनी मोजले. एकतीस.

"मग मातीतच काहीतरी आहे." मॅडमनी नोंदवही ओढली. "संस्थेची बाग, असं लिहिलंय तुम्ही. बागेतूनच आणली ना?"

हो म्हणणे सोपे होते. निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि सव्वीस वर्षांत मावशींच्या नोंदीवर कुणी बोट ठेवले नव्हते.

"नाही," मावशी म्हणाल्या. "बागेच्या वाटेवर पाइपासाठी खणून ठेवलं होतं. थांबले असते तर तुमची तारीख टळली असती. म्हणून घरची आणली, परसातली. बाग लिहायची सवय, लिहून गेले. म्हटलं, हिच्याइतकी चांगली माती…"

वाक्य तिथेच थांबले. बशीतले पाणी निश्चल होते. मावशींचा चेहरा मात्र हळूहळू उतरत गेला.

"मावशी? अहो, प्रयोगाचं एवढं मनाला लावून घेऊ नका. पुन्हा करू."

"प्रयोगाचं नाही, मॅडम. माझी लेक ती माती खाते."

लेक दीड महिन्यापूर्वी माहेरी आली होती. सहावा महिना होता. तिला मातीचे डोहाळे लागले होते. आधी ती चोरून खायची. एकदा ओठाच्या कडेला लागलेल्या तपकिरी रेघेने तिला पकडून दिले, तेव्हा मावशी रागावल्या नव्हत्या. जन्मभर मातीत हात घातलेल्या बाईच्या ऐटीत त्यांनी सांगितले होते, "खायचीच असेल तर आपल्या परसातली खा. बाहेरची कुठली तरी तोंडात घालू नकोस. ही माझ्या ओळखीची आहे."

त्या घरी पोचल्या तेव्हा लेक मागच्या पायरीवर बसली होती. मूठ मिटलेली होती.

"थुंक."

"अगं, चिमूटभरच…"

"थुंक म्हणते ना!"

लेक हसत होती. आईचा चेहरा पाहून तिने तोंडातले थुंकले. "झालं काय एवढं? तूच तर म्हणालीस, खा म्हणून."

"मीच म्हणाले," मावशी म्हणाल्या आणि तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. बशीत काय दिसले ते त्यांनी तिला सांगितले. आवाज न चढवता, एकही आकडा न गाळता.

लेकीने खिडकीखालच्या जमिनीकडे पाहिले. मग म्हणाली, "बाबा इथेच दारं खरवडायचे ना गं?"

तिचे बाबा रंगारी होते. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. लोकांची जुनी दारे, चौकटी ते घरी आणत आणि या खिडकीखाली बसून थरावर थर खरवडून काढत. हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली पांढरा. त्या पापुद्र्यांत शिसे असते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. पापुद्रे वाऱ्यापावसात विरून गेले, असे घरातले सगळे धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी यंत्राने परसातल्या मातीतल्या शिशाचा आकडा दिला. बागेतल्या मातीच्या साठपट. त्याच दिवशी लेकीचे रक्त तपासायला गेले. अहवाल येईपर्यंतचे तीन दिवस मावशी कामावर आल्या, पण बशीला हात लावला नाही. रिकाम्या बरण्या मात्र धुतलेल्या पुन्हा धुतल्या.

"हवं त्यापेक्षा थोडं वर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण वेळेत आलात. माती आजपासून बंद. रक्तही कमी आहे, म्हणून तर हे डोहाळे. लोह, कॅल्शियम सुरू करू आणि महिन्यानं पुन्हा बघू."

महिन्यानंतर आकडा निम्म्यावर आला होता. दवाखान्याच्या जिन्यावर लेक मध्येच थांबली आणि तिने आईचा हात ओढून पोटावर ठेवला.

"लाथा बघ कशा मारतंय. आजीवर चिडलंय."

"चिडू दे. बाहेर आलं की मिटवू आमचं आम्ही."

"आई, तुझे ते किडे नसते तर?"

"किडे काय म्हणतेस? टुणके म्हण," मावशी म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या.

परसातली वरची हातभर माती काढून न्यायचे ठरले. त्याआधी मॅडम स्वतः नमुने घ्यायला आल्या. मावशींचे परस आता अभ्यासाच्या जागांत नोंदवायचे होते. पायरीवर बसून मावशींनी नोंदीचा कागद भरायला घेतला. खोली, रंग, ओलावा. शेवटच्या ओळीपाशी लेखणी रेंगाळली: जमिनीचा पूर्वीचा वापर.

"नुसतं 'रंगकाम' लिहा. तेवढं पुरे," मॅडम म्हणाल्या.

मावशींनी 'रंगकाम' लिहिले. मग उरलेल्या जागेत मावेल अशा बारीक अक्षरांत पुढे लिहिले: 'काम करणारा माणूस, घरात रंग येऊ नये म्हणून, रोज इथेच हात धुऊन आत येत असे.'

मॅडमनी ते वाचले. त्यांनी ते खोडले नाही. कागदाची घडी घालून तो पिशवीत नीट ठेवला आणि पहिला नमुना घ्यायला त्या खिडकीखाली वाकल्या.