निळा दोरा

करपल्याचा वास आला तेव्हा मी खिडकीपाशी बसून स्कार्फच्या जाळीतल्या एका पानाच्या टोकाशी आले होते आणि ताई समोरच्या खुर्चीत त्याच स्कार्फचा तिचा भाग विणत होती. मी सुया टाकून स्वयंपाकघरात धावले. गॅसवरचं दुधाचं पातेलं कोरडं पडून तळाशी काळंकुट्ट झालं होतं. गॅस बंद केला, खिडकी उघडली. पातेलं नळाखाली धरलं. पातेल्याचं काही नाही, पातेली करपतातच. पण गेल्या काही दिवसांतलं हे पहिलं नव्हतं.

बाहेर येऊन मी विचारलं, “ताई, दूध तू ठेवलं होतंस ना?”

ताईने विणणं थांबवलं. क्षणभर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “हो गं. माझंच लक्ष नव्हतं.” आणि पुन्हा सुया चालू केल्या.

तिने माझ्याशी भांडायला हवं होतं. आमची ताई चूक कबूल करणाऱ्यांतली नव्हे. सबंध आयुष्यात तिने जेवढ्या वेळा “माझं चुकलं” म्हटलं असेल, तेवढ्या वेळा तर मी एका सकाळी दुकानात गिऱ्हाइकांना म्हणते. आता मात्र घराची किल्ली साखरेच्या डब्यात सापडली तरी “मीच ठेवली असेन”, बाथरूमचा नळ तासभर वाहिला तरी “मीच विसरले”. तिच्या या गरीबपणाची मला भीती वाटायची. कारण आईचं असंच सुरू झालं होतं.

मेव्हणे गेल्यावर ताई माझ्याकडे राहायला आली. मी लग्न केलं नाही. मला कुणी विचारलं नाही असं नव्हे, पण ज्याने विचारलं त्याला मी विचारात घेतलं नाही. लॉन्ड्रीच्या काउंटरवर माझी उभी हयात गेली. गिऱ्हाईक दारात दिसलं की पावती न बघता त्याचा कोट काढून ठेवणारी बाई म्हणून मी त्या रस्त्यावर ओळखली जाते. माणसांची नावं मला कधीच लक्षात राहिली नाहीत, पण कपडे राहतात. कुणाच्या कॉलरला कसला डाग होता, कुणी बटण बदलून घेतलं, सगळं. मालक लोकांना कौतुकाने सांगायचे की आमच्या बाईंना कपड्याला टाचलेली चिठ्ठी लागत नाही.

ताईची मुलगी, आमची छकुली, कोर्टात जाऊन लग्न करणार होती आणि खांद्यावर घ्यायला तिला आजीच्या हातचा असायचा तसा जाळीचा स्कार्फ हवा होता. आजी नसल्यामुळे ते काम आम्हा दोघींवर आलं. आईचा स्कार्फ म्हणजे काठापासून काठापर्यंत पानंच पानं, आणि सगळ्या पानांची टोकं बाहेरच्या काठांकडे. एका टोकाकडून सलग विणत गेलं तर अर्धी पानं उलटी पडतात. म्हणून दोन भाग दोन्ही काठांकडून विणायचे आणि मधोमध टाक्याला टाका जोडायचा. आई ते एकटी करायची. आम्ही पहिल्यापासून वाटून घेतलं, एक भाग ताईचा, एक माझा.

त्यातही एक गोम होती. ताईचा हात घट्ट आणि माझा सैल. सारख्या सुया घेतल्या तर माझा भाग तिच्यापेक्षा वीतभर लांब व्हायचा. म्हणून आईने मला बारीक सुया दिल्या होत्या आणि ताईला जाड. मग दोन्ही भाग बरोबरीने उतरायचे. बघणाऱ्याला फरक कळत नाही, पण माझा भाग हाताला मऊ पडतो आणि ताईचा जरा ताठ. स्वभावांचंही तसंच आहे, फक्त उलट, असं मेव्हणे म्हणायचे.

आईने तिच्या शेवटच्या स्कार्फवर फार दिवस घालवले. जाळीत सुईवरून एक वेढा जास्तीचा घ्यायचा असतो, त्याचं भोक होतं आणि भोकांच्या रांगेतून पान दिसतं. आई तो वेढा विसरायला लागली. मग कुठला वेढा घेतला आणि कुठला राहिला हे विसरायला लागली. शेवटी लोकर बाजूला पडली आणि ती रिकाम्या सुया हलवत बसायची. मला अजूनही कुठे सुयांचा आवाज आला की आधी लोकर आहे का ते बघावंसं वाटतं.

म्हणून मी ताईवर नजर ठेवायला लागले. आणि एका संध्याकाळी माझ्याच भागात मला निळा दोरा सापडला.

हा दोरा म्हणजे शिकाऊ मुलींचं काम. जिथपर्यंत वीण बिनचूक आहे तिथे सगळ्या टाक्यांतून एक गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवायचा. पुढे चुकलं तर उसवत त्या दोऱ्यापर्यंत यायचं, तिथे टाके अडतात, खालची पानं वाचतात. लहानपणी आई आमच्या विणीत घालायची. हात बसल्यावर आम्ही दोघींनी तो सोडला, आणि सोडला म्हणून मिरवलंही. मी तर ओवला नव्हता. मग माझ्या टाक्यांत तो आला कुठून? मी बोटं फिरवून बघितली, तर दोऱ्याखालची दोन-तीन पानं ताठ लागली. बारीक सुयांवर ताईचा हात पडला की वीण अशी आवळून येते. म्हणजे मी दुकानात असताना ताई माझा भाग हातात घेऊन विणत बसत होती. तिला आपला भाग कुठला, हेच कळेनासं झालं होतं.

मी दोरा ओढून काढला आणि काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून घरी यायच्या वाटेवर माझे पाय जड व्हायला लागले. दार उघडल्यावर आत काय दिसेल याची भीती वाटायची. गॅस, नळ, उघडी खिडकी, आणि त्याहून वाईट म्हणजे ताईच्या चेहऱ्यावर आईचा तो रिकामा, आज्ञाधारक भाव. दुकानातून फोन करून मी डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली. ताईला सांगितलं, तुझं ब्लडप्रेशर दाखवून येऊ. ती म्हणाली, “जाऊ की. तुझंही दाखवू.” एरवी तिला दवाखान्यात न्यायचं म्हणजे घरातलं कपाट हलवण्यासारखं असतं. मी अजूनच घाबरले.

मंगळवारी दुकानात एक गोंधळ झाला. नेहमीचे एक गृहस्थ तपकिरी कोट न्यायला आले, मी नेहमीप्रमाणे काढून दिला. थोड्या वेळाने ते परत आले, कोट त्यांचा नव्हता. तोवर ज्याचा होता तोही येऊन उभा राहिला होता. मी म्हटलं, कुणीतरी हँगर हलवलेत. मालक म्हणाले, हँगर कुणी हलवले नाहीत. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, “बाई, आज घरी जा. आराम करा. आणि उद्यापासून चिठ्ठी बघूनच कपडे द्या, काय?”

ते रागावले असते तर मी दोन शब्द ऐकवले असते. पण ते रागावले नाहीत. दुधाच्या पातेल्याच्या वेळी ताईने बघितलं होतं, तसं बघत राहिले.

घरी आले तेव्हा दुपार होती. ताई खिडकीपाशी, माझ्या खुर्चीत बसली होती. मांडीवर माझा भाग, हातात माझ्या बारीक सुया. उसवलेली लोकर कुरळी होऊन तिच्या मांडीवर साचली होती आणि तोंडात निळ्या दोऱ्याचं टोक होतं. मी चप्पलही न काढता तिच्याजवळ गेले आणि आईशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, “ताई, हा माझा भाग आहे गं. तुझा तिकडे टोपलीत आहे. दे बघू इकडे.”

ताईने तोंडातला दोरा काढला. “माहीत आहे मला,” ती म्हणाली.

“मग?”

अजून न उसवलेला तुकडा तिने उजेडासमोर धरला. एका बाजूची पानं नीट होती. दुसऱ्या बाजूला पानाचा अर्धा भागच नव्हता, भोकं नको तिथे पडली होती, एक पान तर जन्मताच वळून शेजारच्यात घुसलं होतं. असं काम आमच्या घरात मी एकदाच बघितलं होतं.

“हे कुणी केलं?” मी विचारलं.

“काल संध्याकाळी आपण दोघी बसलो होतो ना.”

मी खाली बसले. काल संध्याकाळ मला आठवत होती. मी विणत होते, ताई छकुलीच्या चपलांबद्दल काहीतरी सांगत होती, आणि माझा हात छान चालला होता. माझा हात छान चालला होता, हेच मला आठवत होतं.

कधीपासून, असं मी विचारलं. बरेच दिवस झाले, ती म्हणाली. मी दुकानात गेले की ती उसवायची, पुन्हा विणायची, मी येईपर्यंत दोरा काढून टोपलीत ठेवायची. एक दिवस दोरा काढायचा राहिला.

“मला सांगायचं नाही का?”

“आईला आपण सांगत होतो, मने,” ताई म्हणाली. “आई, इथे चुकलं. आई, हे उसव. रोज, दोघी मिळून. मग तिने सुया खाली ठेवल्या. मला तुझ्या सुया खाली ठेवायच्या नव्हत्या.”

दुधाचं मला विचारायचं होतं. किल्लीचं, नळाचं. विचारलं नाही, कारण तिने मान खाली घातली होती आणि उसवलेली लोकर गुंड्याला गुंडाळायला लागली होती. एवढे दिवस ती माझे गुन्हे आपल्या अंगावर घेत होती आणि मी तिच्यावर पहारा देत होते. मला इतकी भीती वाटली की खोलीतला उजेड कमी झाल्यासारखा झाला. ताईसाठी वाटायची ती या भीतीपुढे काहीच नव्हती. तेव्हा मी सांभाळणारी होते.

थोड्या वेळाने मी म्हटलं, “चहा टाकते.” आणि जागची हलले नाही. गॅसपाशी जायला मला धीर होईना. ताई उठली, मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, आणि चहा मीच केला. ती दारात उभी राहिली.

गुरुवारची वेळ घेतलेली होतीच. फोन करून फक्त नाव बदलायचं होतं. तो फोन मी केला, ताईला करू दिला नाही.

बुधवारी दुकानात गेले. एक बाई निळी साडी न्यायला आल्या. साडी मी दारातूनच ओळखली होती. तरी पावती मागितली आणि चिठ्ठीशी ताडून बघितली. त्या हसून म्हणाल्या, “आज ओळखलं नाहीत का?” मी म्हटलं, ओळखलं, पण बघितलेलं बरं. मालक आत इस्त्रीपाशी होते. एकदा वर बघून ते पुन्हा इस्त्री फिरवायला लागले.

उरलेली पानं मी विणली, पण आता लपवाछपवी न ठेवता. प्रत्येक पान झालं की ताईने तपासायचं आणि निळा दोरा ओवायचा. चुकलं की मी स्वतः उसवायचं. काही पानं दोन-दोनदा उसवली. दोऱ्यापाशी येऊन टाके अडले की मला रडू यायचं, आणि ताई म्हणायची, रड पण टाके मोजत रड. डॉक्टरांनी सांगितलं त्यात नवीन काही नव्हतं, आईच्या वेळी ऐकलं होतं तेच, फक्त या वेळी ते माझ्याकडे बघून बोलत होते. जोडकाम ताईने सुरू केलं. एक टाका तिच्या भागातला, एक माझ्या, असं करत ती जोडाच्या मध्यापर्यंत गेली आणि पुढे सुई माझ्या हातात दिली.

छकुली लग्नाआधीच्या रविवारी आली. स्कार्फ खांद्यावर टाकून आरशासमोर इकडून तिकडून बघितलं. मग लहानपणापासून विचारते तेच तिने विचारलं, “ओळखा बघू, कुठला भाग कुणाचा?” ताई घाईने म्हणाली, “राहू दे गं, सारखेच तर आहेत.”

“थांब,” मी म्हटलं. मी डोळे मिटले आणि काठापासून बोटं फिरवत आले. एक भाग सबंध ताठ होता. दुसरा मऊ. त्या मऊ भागात मध्येच ताठ पानं लागली, मग पुन्हा मऊ, मग पुन्हा ताठ.

“तो सगळा तुझ्या आईचा,” मी छकुलीला म्हटलं. “हा माझा. आणि यातली ही पानंही तिचीच.”

छकुलीने आपल्या आईकडे बघितलं. ताई खिडकीबाहेर बघत होती. माझी बोटं अजून जाळीवर होती, आणि त्यांना अजून कळत होतं.